थंडी, डिझेल आणि पंपावर न मिळणारी माहिती

जानेवारीच्या पहाटे द्रास किंवा केलाँगच्या परिसरात ट्रकच्या डिझेल टाकीखाली शेकोटी पेटवलेली दिसली, की खालच्या मुलखातून आलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. चालक अडाणी आहे, त्याला धोका कळत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. ते खरे नाही. आगीची भीती त्यालाही असते. पण टाकीतले डिझेल घट्ट झाले आहे, ते पातळ झाल्याशिवाय गाडी हलणार नाही आणि रस्ता बंद होण्याआधी माल पोचवायचा आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच्या हातात जो उपाय आहे, तो तो करतो.

डिझेल इंजिन थंडीत का अडते, याचे शास्त्र जुने आहे आणि त्यावरचे बहुतेक उपायही कित्येक दशकांपूर्वी सापडलेले आहेत. ही माहिती तेलशुद्धीकरण कारखान्यात आहे, इंजिन बनवणाऱ्यांकडे आहे, लष्कराकडे आहे. गाडी चालवणाऱ्यापर्यंत मात्र ती पोचत नाही आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या माणसावर सगळे ओझे पडते. ही व्यवस्था बदलता येण्यासारखी आहे, असे आमचे मत आहे. ते मांडण्याआधी इंजिनात नेमके काय घडते, ते नीट पाहायला हवे.

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला स्पार्क प्लगची ठिणगी असते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात ज्याची यशस्वी चाचणी झाली, त्या यंत्रामागची कल्पनाच वेगळी होती. हवा इतकी दाबायची की दाबल्यानेच ती तापावी आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारताच ते आपोआप पेट घ्यावे. आजच्या डिझेल इंजिनात सिलिंडरभर हवा साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबली जाते. म्हणजे या इंजिनाची काडीपेटी म्हणजे बाहेरची हवा. ती जितकी गार आत येईल, तितकी दाबल्यावर कमी तापेल.

हे किती कमी, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. दाबल्या जाणाऱ्या हवेचे तापमान ठरावीक अंशांनी वाढत नाही. ते ठरावीक पटीने वाढते, आणि ही पट निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजावी लागते. हवा सतरापट दाबणाऱ्या धडधाकट इंजिनात, थोडी उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते असे धरले, तर ही पट सुमारे २.७ येते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल तर दाबलेली हवा सुमारे ५४५ अंशांपर्यंत पोचते. बाहेर उणे २० असेल तर ती सुमारे ४१० अंशांवर थांबते. बाहेरचा ५० अंशांचा फरक आत १३५ अंशांचा होतो.

४१० अंश म्हणजेही कमी नाही, असे वाटेल. डिझेल प्रयोगशाळेत २१० ते २५० अंशांच्या आसपास स्वतःहून पेट घेते. पण प्रयोगशाळेत त्याला वेळ मिळतो. इंजिनात फवारलेल्या थेंबाची आधी वाफ व्हावी लागते, ती वाफ हवेत मिसळावी लागते आणि मग ज्वलन सुरू होते. हे सगळे पिस्टन वरच्या टोकाशी असतानाच झाले पाहिजे. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला १५० फेरे घेत असेल, तर या कामासाठी सेकंदाचे दोन-अडीच शतांश मिळतात. थंड इंधन दाट असते, त्याचा फवारा जाडसर उडतो, थेंब मोठे राहतात, त्यांतले बरेचसे गार पिस्टनवर आणि भिंतींवर जाऊन चिकटतात. वाफ होताना ते उरल्यासुरल्या हवेची उष्णताही शोषतात. मग एखादा सिलिंडर पेट घेतो, दुसरा घेत नाही. इंजिन एक-दोन ठोके देते आणि पुन्हा मरते.

वरचा हिशोब धडधाकट इंजिनाचा झाला. रिंगा झिजलेल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील आणि सेल्फ हळू फिरत असेल, तर दाबलेली हवा फटींतून निसटते आणि तिची उष्णता भिंतींना द्यायला भरपूर वेळ मिळतो. २.७ची पट मग दोनच्या आसपास येते. असे इंजिन ३० अंशांच्या हवेत ३३० अंशांपर्यंत तरी तापते आणि थोड्या कुरबुरीनंतर सुरू होते. उणे २० अंशांत तेच इंजिन २३५ अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून ‘दिवाळीपर्यंत गाडी मस्त चालत होती’ हे मालकाचे म्हणणे खरे असते आणि मेकॅनिकने सांगितलेला ‘कॉम्प्रेशन गेलंय’ हा दोषही खरा असतो. दोष जुनाच असतो. उबदार हवा तो झाकून ठेवत होती.

सेल्फ हळू का फिरतो, याची कथा वेगळी आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकासाठी तीच जास्त कामाची आहे. शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. ढोबळमानाने सांगायचे तर शून्य अंशाला बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद उन्हाळ्याच्या दोन तृतीयांश उरते आणि उणे १८ला जेमतेम ४० टक्के. बॅटरीवर थंडीतल्या क्षमतेचा जो आकडा छापलेला असतो, तो याच उणे १८ अंशांवर ३० सेकंद प्रवाह देता येण्याच्या चाचणीतून येतो. याच वेळी इंजिनातले ऑइल दाट झालेले असते. आपल्याकडच्या ट्रकांत सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० ऑइल उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरू देईल, या निकषावर तपासलेले असते. त्याखाली त्याची हमी नाही. ५डब्ल्यू प्रतीच्या ऑइलसाठी तीच चाचणी उणे ३० अंशांवर होते. म्हणजे मागणी वाढते त्याच क्षणी पुरवठा घटतो. फेरे मंदावतात, हवा कमी तापते, इंजिन पकडत नाही, चालक पुन्हा सेल्फ मारतो, बॅटरी आणखी उतरते. नव्या कॉमन रेल इंजिनांत या दुष्टचक्राला आणखी एक वेढा आहे. रेलमध्ये पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही. सेल्फ मंद फिरला तर तो दाबच तयार होत नाही आणि चालकाला वाटते, डिझेल येतच नाही.

आपल्या गावोगावच्या विहिरींवर हँडलने सुरू होणारी ऑइल इंजिने ज्यांनी चालवली आहेत, त्यांना फेऱ्यांचे हे महत्त्व हातांनी माहीत आहे. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका ओढून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, जड फ्लायव्हील जोरात फिरवायचे आणि वेग आला की खटका सोडायचा. दाब देण्याआधी वेग कमवायचा, ही त्यामागची अक्कल होती. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने आणि १९६२ पासून तिथेच रुजलेल्या कमिन्सने या देशातल्या शेतीला, जनित्रांना आणि अवजड वाहनांना इंजिने पुरवली. डिझेल इंजिनाचे ज्ञान महाराष्ट्राला परके नाही. त्यामुळे थंडीतल्या सुरुवातीबद्दल आपल्याकडे असलेली बेफिकिरी अधिकच खटकते.

आता इंधनाकडे वळू. डिझेल हा शेकडो हायड्रोकार्बनांचा मिलाफ आहे आणि त्यातली सरळ साखळीची पॅराफिने म्हणजे एका अर्थी मेणच. तापमान उतरू लागले की ही मेणे एकेक करून गोठू लागतात. थंडीच्या सकाळी न्हाणीघरातल्या बाटलीत खोबरेल तेल आधी गढूळ होते, मग कडांनी पांढरे होते आणि शेवटी बाटली उलटी केली तरी हलत नाही. डिझेलचेही तसेच होते, फक्त तापमान वेगळे असते. या तीन अवस्थांना तंत्रज्ञांनी तीन वेगळी मापे दिली आहेत. डिझेल गढूळ कधी होते, ते ठरावीक जाळीच्या गाळणीतून जायचे कधी थांबते आणि ते वाहायचेच कधी थांबते. चालकाच्या दृष्टीने मधले माप सर्वांत महत्त्वाचे आहे. इंजिनाच्या फिल्टरची छिद्रे काही मायक्रॉनचीच असतात. टाकीतले डिझेल अजून डुचमळत असतानाच मेणाचे बारीक पापुद्रे फिल्टरवर थर धरतात आणि पुरवठा तुटतो.

इथे निसर्गाने तेल कारखानदारांना मोठ्या पेचात टाकले आहे. डिझेल किती चटकन पेट घेते, हे सिटेन क्रमांकाने मोजतात. आपल्याकडच्या बीएस-६ डिझेलला तो किमान ५१ असावा लागतो. या मापाला ज्याचे नाव मिळाले आणि ज्याला १०० गुण दिले गेले, तो सिटेन स्वतः १८ अंश सेल्सिअसलाच गोठतो. पुण्यातल्या हिवाळ्यातल्या रात्रीच्या हवेत शुद्ध सिटेनची बाटली ठेवली तर सकाळी तो घट्ट झालेला मिळेल. जे रेणू सर्वांत सहज पेटतात, तेच सर्वांत आधी गोठतात. डिझेलमधून मेण काढावे तर पेट घेण्याची तत्परता आणि कारखान्याचे उत्पादन दोन्ही घटतात. ठेवावे तर फिल्टर तुंबतो. म्हणून प्रत्येक देश आपापल्या हवामानाकडे पाहून तडजोड करतो.

भारतीय मानकानुसार डिझेल गाळणीत अडण्याची मर्यादा उन्हाळ्यासाठी १८ अंश आणि हिवाळ्यासाठी ६ अंश आहे. जर्मनीत हिवाळ्यातल्या डिझेलला हेच माप उणे २० अंश लागू होते आणि आर्क्टिक प्रदेशांसाठीच्या युरोपीय मानकात ते उणे ४४पर्यंत जाते. आपल्या मर्यादा चुकीच्या आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. देशाचा बहुतांश भाग उष्ण आहे. चेन्नईच्या बसला उणे २० अंश सोसणारे डिझेल देणे हा निव्वळ अपव्यय ठरेल. शिवाय या कमाल मर्यादा आहेत. प्रत्यक्ष पंपावरचे डिझेल त्यापेक्षा चांगले असू शकते. पण ट्रक एका जागी उभा राहत नाही. पंजाबच्या मैदानात टाकी भरलेला ट्रक तिसऱ्या दिवशी लडाखमध्ये असू शकतो. हवामान बदलले, टाकीतले डिझेल तेच राहिले.

लडाख, कारगिल, काझा, केलाँग या भागांत हिवाळ्यात पारा उणे ३०च्या आसपास जाऊ शकतो. तिथल्या वाहनचालकांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये पानिपतच्या कारखान्यात तयार केलेले खास हिवाळी डिझेल आणले आणि केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी त्याचे उद्घाटन केले. हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते, असे तेव्हा सांगण्यात आले. पाऊल अतिशय योग्य होते आणि उशिरा पडले असले तरी त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र प्रवाही राहणे आणि फिल्टरमधून जाणे यांत काही अंशांचे अंतर असते, हे वर आलेच आहे. चालकाला ज्या आकड्याची गरज आहे, तो उद्घाटनाच्या बातमीत नव्हे, पंपाच्या फलकावर हवा.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२०ला, रोहतांग खिंडीखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. पूर्वी हिवाळ्यात महिनोन्महिने तुटणारे लाहौल खोरे मनालीहून काही तासांवर आले. बर्फ पाहायला जाणाऱ्यांत मराठी पर्यटकही मोठ्या संख्येने असतात आणि त्यांतले अनेक जण पुण्या-मुंबईहून स्वतःची डिझेल गाडी घेऊन निघतात. हॉटेलची चौकशी होते, टायरच्या साखळ्यांची होते. टाकीत कुठले डिझेल आहे, रेडिएटरमध्ये कूलंट आहे की नुसते पाणी, ऑइल कोणत्या प्रतीचे आहे, याची क्वचितच होते. चढ लागण्याआधी टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यावी आणि थंड भागातल्या पंपावर, तिथल्या हिवाळ्यासाठी आलेले डिझेल भरावे, एवढी साधी गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नसते. फिल्टर तुंबू न देणारा प्रतिरोधक द्रवही आधी घालावा लागतो. तो मेणाचे कण लहान ठेवतो, एकमेकांना चिकटू देत नाही. एकदा तयार झालेले मेण तो विरघळवत नाही. अडल्यावर बाटली ओतणे म्हणजे पैसे वाया.

लेहमध्ये थंडीच्या जोडीला उंची येते. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. दाबलेल्या हवेचे तापमान त्याने फारसे घटत नाही, पण हवा विरळ असल्याने इंधन पेट घ्यायला जास्त वेळ लावते, आणि वेळ तर आधीच नसतो. मुंबईच्या गॅरेजमध्ये ठीक वाटणारे इंजिन तिथे पहाटे का रुसते, याचे अर्धे उत्तर या विरळ हवेत आहे.

मग अडलेल्या गाडीसमोर उभ्या असलेल्या माणसाने कारण कसे ओळखायचे? हे शाळेत शिकवावे इतके सोपे आहे. सेल्फ मारताना धुराड्यातून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, न जळता वाफ होऊन बाहेर पडते आहे; उणीव उष्णतेची आहे, टाकी तापवून काही होणार नाही. सेल्फ जोरात फिरतो पण धूर अजिबात नाही, तर इंधन पोचत नाही. गाडी सुरू होऊन दोन-चार मिनिटांनी, रस्त्याला लागल्यावर, दम तोडते तेव्हा फिल्टर मेणाने तुंबल्याची शक्यता सर्वांत जास्त; सुरुवातीला ती फिल्टरपुढे उरलेल्या डिझेलवर चालली. आणि सेल्फच कण्हत फिरत असेल तर आधी बॅटरी, तिची टोके आणि ऑइल पाहायचे. या फरकाची जाण नसल्याने बॅटरीच्या दोषासाठी टाकीखाली आग पेटते आणि डिझेल गोठलेले असताना बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारला जातो.

प्रचलित उपायांबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण त्यांतले काही जिवावर बेततात. उघड्या आगीचा धोका सांगायला नको. गरम पाण्यात भिजवलेले कापड फिल्टरला आणि नळ्यांना गुंडाळणे हा त्याच हेतूचा कितीतरी सुरक्षित मार्ग आहे, कारण अडथळा बहुधा टाकीत नसतो, फिल्टरमध्ये असतो. हवेच्या वाटेने ईथरचा फवारा मारणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. ईथर १६० अंशांच्या आसपासच पेटते, म्हणून इंजिन चटकन पकडते. पण ते पिस्टन वर पोचायच्या आधीच पेटू शकते आणि रिंगा, पिस्टन, कनेक्टिंग रॉड यांना तडे जाऊ शकतात. सिलिंडर तापवणारे हीटर प्लग तापलेले असताना ते वापरणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. रॉकेल मिसळल्याने मेण खरोखरच कमी तापमानाला गोठते, जुन्या पंपांनी ते निभावूनही नेले. आजच्या कॉमन रेल पंपाला मात्र वंगण डिझेलमधूनच मिळते आणि रॉकेल ते वंगण पातळ करते. रात्रभर इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणे हा डोंगरातला रुळलेला रिवाज आहे. बर्फात धुराड्याचे तोंड बुजले किंवा केबिनला गळती असली तर कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणसाला घेऊन जातो. या वायूला ना रंग, ना वास.

यांच्या जागी जे हवे, ते सगळे अस्तित्वात आहे. हीटर प्लग आधुनिक इंजिनांत दोन-तीन सेकंदांत लालबुंद होतात. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबण्याची सवय तेवढी हवी. मोठ्या इंजिनांत आत येणारी हवाच तापवणारी जाळी बसवतात. कॅनडाच्या विनिपेग आणि एडमंटनसारख्या शहरांत गाड्या उभ्या करण्याच्या जागी विजेचे सॉकेट असतात, कारण तिथल्या इंजिनांत ब्लॉक हीटर बसवलेला असतो आणि तो रात्रभर कूलंट कोमट ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात १९४१च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर गारठलेले जर्मन रणगाडे पेट्रोलचे होते. त्यांच्याशी लढणारे सोव्हिएत टी-३४ डिझेलचे. टी-३४मध्ये बॅटरी हरली तर इंजिन फिरवायला दाबलेल्या हवेच्या बाटल्या ठेवलेल्या असत. थंडी येणार हे गृहीत धरून यंत्र बनवले की डिझेलही चालते, याचा याहून ठसठशीत दाखला सापडणार नाही.

महाराष्ट्रात डिझेल गोठून गाड्या अडल्याच्या घटना विरळ असतात, पण थंडी इथे प्रश्न निर्माण करत नाही असे नाही. निफाड तालुक्यात पारा अनेकदा ५ अंशांच्या खाली उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदी दर हिवाळ्यात बातम्यांत येतात. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटेच बागेत धूर करतात, विहिरीचे कोमट पाणी सोडतात. वीज नसेल तर ट्रॅक्टर किंवा डिझेल पंप लागतो, तोही रात्रीतल्या सर्वांत गार तासाला. तिथे दोष इंधनाचा क्वचितच असतो. तीन वर्षे न तपासलेली बॅटरी, जळालेला हीटर प्लग, झिजलेल्या रिंगा आणि फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी, हे नेहमीचे आरोपी. इस्पितळांच्या जनित्रांनाही हेच लागू आहे. वीज गेल्यावर काही सेकंदांत भार उचलायचा असेल तर इंजिनातले पाणी कायम कोमट ठेवणारा जॅकेट हीटर चालू असला पाहिजे. तो बिलात बचत म्हणून बंद ठेवला जात असेल, तर ती बचत शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णाच्या वाट्याची आहे, हे व्यवस्थापनाने लक्षात घ्यावे.

बीएस-६ मानकांनी एप्रिल २०२०पासून यात नवी भर घातली. प्रदूषण कमी करण्यासाठी अवजड वाहनांच्या धुरात जो द्रव फवारला जातो, ज्याला चालक सरळ ‘युरिया’ म्हणतात, तो उणे ११ अंशांना गोठतो. त्याच्या टाकीला तापवण्याची सोय असते, पण चालकाला ती माहीत नसेल तर तो पुन्हा आगीकडे वळेल. आणि पाणी मिसळून पातळ केलेल्या युरियाचे गणित त्याहून बिघडते. दुसरीकडे, नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून नव्या इंजिनांचे दाबाचे प्रमाण हळूहळू उतरत आहे. माझ्दाने २०१२ साली ते १४वर आणले आणि थंडीतल्या सुरुवातीसाठी सिरॅमिकचे हीटर प्लग आणि गरम धूर पुन्हा आत ओढण्याची युक्ती योजली. म्हणजे यापुढे थंडीतली सुरुवात जास्तच हीटर, संवेदक आणि बॅटरीच्या भरवशावर राहील. रस्त्याकडेच्या मेकॅनिकला हे ज्ञान द्यायची जबाबदारी वाहन कंपन्यांनी घ्यायला हवी.

राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३०पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हेतू चांगला आहे. पण पामतेलापासून बनवलेले बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा बरेच आधी गढूळ होते. उत्तरेकडच्या राज्यांत आणि पर्वतीय भागांत हिवाळ्यात कोणते बायोडिझेल किती मिसळायचे, याचा निर्णय उद्दिष्टाच्या टक्केवारीकडे नाही, तिथल्या पाऱ्याकडे बघून व्हायला हवा.

आणि पंपाचा फलक. आपल्याकडे पंपावर दर ठळक दिसतो, डिझेलची घनता ग्राहकाला तपासून मागता येते. हे डिझेल कुठल्या तापमानापर्यंत फिल्टरमधून जाईल, हे मात्र वाचायला मिळत नाही. तेल कंपन्यांकडे ही माहिती प्रत्येक खेपेच्या चाचणी अहवालात असते, कारण मानकानुसार ती चाचणी करावीच लागते. जम्मू, हिमाचल, उत्तराखंड आणि लडाखकडे जाणाऱ्या महामार्गांवरच्या पंपांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा एक आकडा दराखाली लिहावा. तो लिहायला नवा कारखाना लागत नाही, अनुदान लागत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाचे एक परिपत्रक पुरते. त्याच आकड्याशेजारी पुढच्या चढावर हिवाळी डिझेल कुठल्या पंपावर मिळेल, तेही लिहिले, तर ट्रकचालक टाकी किती भरायची ते स्वतः ठरवेल. येत्या नोव्हेंबरपासून याची सुरुवात पठाणकोट आणि मनालीपासून करता येईल.